हिंगूळ लावलेला सा

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात एक वाजवायची पेटी असे. ठेवलेली देवळात, पण मालकी आप्पासाहेबांची. दुसऱ्या कुणी तिला हात लावलेला त्यांना खपत नसे. एकदा उंदरानं भात्याला तोंड लावलं म्हणून त्यांनी देवळात मांजर आणून सोडलं, आणि ते मांजर पेटीवर जाऊन बसलं म्हणून त्यालाही हाकलून दिलं.

या पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लाल ठिपके होते. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून झाला की वाटीच्या तळाला थोडा उरतो, तो आप्पासाहेब पेटीला लावत. पहिला ठिपका मोठा, पांढऱ्या पहिलीवर, तो सा. पुढं सलग सहा बारके, ते बाकीचे सूर. बैलांची शिंगं आणि आप्पासाहेबांचे सूर दरवर्षी एकाच दिवशी ताजे व्हायचे. अभंग असो, गवळण असो, आरती असो, सगळं त्या मोठ्या ठिपक्यापासून निघायचं. काळ्या पट्ट्यांना ते बोट लावत नसत. "त्या शोभंला असत्यात," म्हणायचे.

कुणाकडं शिकलात, असं विचारलं की त्यांची मान ताठ व्हायची. "शिकलो न्हाई. कानानं उचललं. ज्याला कान न्हाई त्यानं शास्तर शिकावं." ऐकणारा नवखा असला तर मान डोलवायचा. मी डोलवत नसे, कारण मी त्यांच्या शेजारी बसायचो.

मी गहिनीनाथ. पखवाज वाजवतो. पेटीवाला चुकला की तो पखवाजवाल्याकडं बघून डोळे वटारतो, आणि पखवाजवाल्यानं ते सोसायचं, अशी आमच्या भजनी मंडळात रीत होती. शिवाय माझ्या पखवाजाला कणीक लागते, डाव्या बाजूच्या चामड्यावर थापायला. "घरात चपाती सणाला, अन् ह्याला रोज," असं आमची कारभारीण परात आपटून म्हणायची. म्हणजे मला देवळातही ऐकून घ्यावं लागे आणि घरीही.

आता रतनबाईबद्दल सांगतो. ती आप्पासाहेबांची कारभारीण. सकाळी म्हशीची धार काढताना, विहिरीवर धुणं धुताना ती गवळणी म्हणायची. शेताकडं जाताना मी कितीदा तरी बैल उभे करून ऐकलंय, आणि बैलांनीही कधी हरकत घेतली नाही. असा आवाज आमच्या गावात दुसरा नव्हता. पण देवळात ती मागच्या ओळीत बसून नुसते टाळ वाजवायची.

त्याचं कारण जुनं होतं. लग्न झाल्यावर देवळातल्या पहिल्याच हरिनाम सप्त्यात सगळ्यांनी तिला गवळण म्हणायला लावली. आप्पासाहेबांनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि भाता हलवला. पहिलं कडवं इतकं खाली गेलं की शब्द तोंडातून निघेनात. खाली जमत नाही म्हणून तिनं तोच सा वरचा धरला, तर दुसऱ्या कडव्याला चाल चढली आणि गळा चिरकला. पोरं हसली, म्हातारे उगाच खोकले. घरी जाऊन आप्पासाहेब म्हणाले, "तुला सूर न्हाई." त्या दिवसापासून गावात ते ठरूनच गेलं. पुढं पुढं ती स्वतःही कुणी आग्रह केला की हसून म्हणायची, "मला कुठं सूर हाय बया." मला फार वाईट वाटायचं, पण दुसऱ्याच्या बायकोच्या गळ्याबद्दल आपण काय बोलणार?

बायकांच्या भजनात पुढं गायला आक्काबाई होती. तिचा आवाज भरडा, पुरुषासारखा, तो आप्पासाहेबांच्या ठिपक्यावर बरोबर बसायचा. पण बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी दिवाळी झाली आणि आक्काबाई नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला गेली. ती गेली आणि लगेच निरोप आला की शेवगावात तालुक्यातल्या बायकांच्या भजनाची स्पर्धा आहे. देवळात सगळ्या जमल्या. पुढं कोण म्हणणार, म्हणून एकमेकींची तोंडं बघत बसल्या.

"रतन म्हनंल," राहीबाई म्हणाली. ही राहीबाई आमच्या गल्लीतली, जिभेला हाड नसलेली. "विहिरीवर म्हनती ती देवळात म्हनायला काय झालं?"

रतनबाईनं मान वर केली आणि नवऱ्याकडं पाहिलं. तिला गायचं होतं. किती गायचं होतं ते तिच्या तोंडावर इतकं उघड दिसलं की मी आपला पखवाजाच्या वाद्या ओढत बसलो.

"हिला सूर न्हाई," आप्पासाहेब म्हणाले. "तालुक्यात हसं करून घ्यायचं हाय का?"

रतनबाईनं मान खाली घातली आणि टाळांची दोरी बोटाला गुंडाळायला लागली.

तेव्हा दाराशी बसलेल्या विजयमालाबाई बोलल्या. या शाळेवर नव्यानं आलेल्या मास्तरीणबाई, केडगावच्या. नगरला संगीताच्या परीक्षा दिलेल्या, बारीक अंगाच्या, आवाज मात्र वर्गाला पुरणारा. "आप्पासाहेब, रतनबाईंना मी विहिरीवर ऐकलंय. त्यांचा सूर पक्का आहे. तुमचा सा त्यांच्या गळ्याचा नाही एवढंच. तो जरा हलवा."

"हलवा?" आप्पासाहेबांना ठसकाच लागला. "सा म्हंजे काय खाट हाय का, हिकडची उचलून तिकडं टाकायला? पेटीत सा हितं हाय." त्यांनी ठिपक्यावर बोट आपटलं.

"पेटीत नसतो तो. गाणाऱ्याच्या गळ्यात असतो. रतनबाई, तुम्ही आपल्या आपण एक ओळ म्हणा बघू. पेटी नको."

रतनबाईनं नवऱ्याकडं पाहिलं, मग देवाकडं पाहिलं, आणि डोळे मिटून म्हटली. विहिरीवरचाच आवाज. विजयमालाबाई उठून आल्या, आप्पासाहेबांना न विचारता त्यांच्या पेटीची एक पट्टी दाबली. पांढरी पाचवी. ती रतनबाईच्या सुराला तंतोतंत मिळाली. पेटीला परक्याचं बोट लागलं होतं, पण आप्पासाहेब ते विसरले, यावरून काय ते समजा.

"हा यांचा सा. इथून वाजवा."

"वाजवतो की," आप्पासाहेब म्हणाले. "माझं काय जातंय?" त्यांनी सगळा हात जसाच्या तसा उचलून पांढऱ्या पाचवीवर नेला आणि सलग पांढऱ्या पट्ट्यांवरून गवळण सुरू केली. आणि जमली की! पहिलं कडवं तुपासारखं गेलं. मी हातोडीनं पखवाज चढवून घेतला, राहीबाईनं टाळ धरले, बायका पुढं सरकल्या. दुसऱ्या कडव्याला चाल वर चढते, नीवर टेकते आणि वरच्या साला जाऊन भिडते. रतनबाई नीवर गेली. पेटीही गेली. आणि दोघांचं असं काही वाजलं की देवळातलं कबूतर उडालं.

आप्पासाहेबांनी भाता सोडला. तोंडावर काय आनंद! "बगा! आता कोन चुकलं? पेटी काय मानूस हाय का चुकायला? हिला सूर न्हाई, मी सांगत हुतो."

रतनबाईचं तोंड इतकंसं झालं. मला राग आला. रागानं पखवाजावर थाप मारली, ती नेमकी समेवर पडली, म्हणून कुणाला राग कळला नाही.

विजयमालाबाई हसत होत्या. "आप्पासाहेब, चिडायचं नाही. तुमच्या जुन्या ठिपक्यावर या. आता मला सांगा, सा आणि रे यांच्या मधे काळी पट्टी आहे?"

"हाय."

"रे आणि ग?"

"हाय."

"ग आणि म?"

आप्पासाहेब वाकले. इतकी वर्षं ज्या पट्ट्यांवर बोटं नाचवली त्या जणू आजच पाहत होते. "न्हाई."

"म्हणजे ग आणि म चिकटून बसलेत. तसेच नी आणि वरचा सा. बाकीच्यांच्या मधे एकेक घर मोकळं. ही अंतरं ठरलेली आहेत. सूर म्हणजे जागा नव्हे, अंतर. आता पांढऱ्या पाचवीपासून मोजा."

सगळ्या बायका पेटीवर वाकल्या. राहीबाई मोठ्यानं मोजायला लागली. ग आणि म चिकटून आले, ठीक. पुढं ध आणि नी चिकटून आले, आणि नी आणि सा यांच्या मधे एक काळी मोकळी राहिली.

"म्हंजे नी अर्धं पाऊल मागंच राह्यला की ओ," राहीबाई म्हणाली. "आप्पाभावजी, तुमचा नी खाली पडला. रतनचा जाग्यावर हुता!"

"तिथं काळी लागते," विजयमालाबाई म्हणाल्या. "काळी तिसरी. एवढंच."

आप्पासाहेबांनी ती काळी पट्टी दाबली नाही. आयुष्यभर जिला शोभेची म्हटलं तिला बायकांसमोर कसं दाबायचं? त्यांनी पेटीचं झाकण लावलं, पेटी काखेत मारली आणि देवाला नमस्कार न करता घरी गेले. पेटी देवळाबाहेर पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

नंतर ते कुणाशी बोलेनात. गावात राहीबाईनं सगळीकडं केलंच होतं. आप्पासाहेब पाणंदीनं निघाले की पोरं मोजत, "सा, रे, चिकटून, चिकटून." मी त्यांच्या घरी गेलो तर रतनबाई ओसरीवर दाणे पाखडत होती. म्हणाली, "गोठ्यात हायेत. जेवायला बी तिथंच बसत्यात. पेटी हाय संगं."

मी गोठ्याच्या कुडामागं थांबलो. आत पेटी वाजत होती. एक सूर, थांबणं, मग दुसरा. मधूनच आप्पासाहेबांचा आवाज, "मोकळं, मोकळं, चिकट." मग ते बैलाला काहीतरी म्हणाले. मग परत, "मोकळं, मोकळं, मोकळं, चिकट." मी खोकलो. पेटी एकदम बंद झाली.

"कोन हाय?"

"मी. शास्तर शिकायला आलोय."

"गहिन्या, दात दाखवू नको," ते म्हणाले, पण हाकललं नाही. उलट गव्हाणीत खोचलेली बांबूची एक कामटी काढून दाखवली. हातभर लांब, तासून गुळगुळीत केलेली, आणि तिच्यावर हिंगुळाच्या रेघा. कुठं लांब, कुठं जवळ. "तिफन कशी असती? पेरताना शेतात कुठनंबी सुरू कर, दोन फनांतलं अंतर हाय तेच ऱ्हातं. जिमीन बदलली म्हनून तिफन बदलती का? तसंच हे. ही कामटी पट्ट्यांच्या मागच्या अंगाला धरायची. पैली रेघ कुठंबी ठेव, बाकीचे सूर आपोआप सापडत्यात. काळी का पांढरी ते बगायचंच न्हाई." त्यांनी कामटी सरकवली, वाजवून दाखवलं. परत सरकवली, परत वाजवलं. तीच चाल, वेगळ्या जागेवरून. त्यांचे डोळे पोरासारखे झाले होते. "गहिन्या, ही समदी पेटी माझी हुती रं. अन् मी सात पट्ट्यांचा खातेदार हून बसलो हुतो."

"हे रतनवैनीला सांगितलं का?"

त्यांनी कामटी परत गव्हाणीत खोचली. "सांगू कवातरी," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पेटी देवळात आली. कामटी पट्ट्यांमागं उभी राहिली, रतनबाई पुढं बसली. काळ्या तिसरीवर आप्पासाहेबांचं बोट पडलं तेव्हा राहीबाईनं "अगंबाई, शोभंची वाजली!" असं म्हटलंच. गवळण खालपासून वरपर्यंत गेली आणि कुठं अडली नाही. पण आप्पासाहेब रतनबाईला काही बोलले नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं टाळ दुसरीकडं दिले.

स्पर्धेच्या दिवशी गावातल्या काकासाहेबांच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आम्ही निघालो. रस्ता सगळा फुफाट्याचा. बायकांनी पदर नाकाला लावले, तरी शेवगावात उतरलो तेव्हा सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. उतरताना आप्पासाहेब ओरडले. कामटी त्यांच्याच बुडाखाली होती. दोन तुकडे.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? पांढरी पाचवी पाठ हाय मला," ते म्हणाले, पण घाम पुसला.

मंडपात आमचं नाव पुकारलं. ही गर्दी. पुढं तीन परीक्षक. रतनबाई माझ्या अलीकडं बसली होती. तिनं खाकरून बघितलं, परत खाकरली, मग नवऱ्याकडं झुकून हळूच म्हणाली, "धुळीनं घसा धरलाय वो. तेवढं वर जायाचं न्हाई. मी परत चिरकंन."

मला वाटलं, संपलं. आता हे म्हणणार, मी सांगत हुतो. इतकी वर्षं तेच तर म्हणत आलेले. कामटी मोडलेली, पाठ केलेली एकच जागा, समोर सगळा तालुका. मी डोळे मिटले.

आप्पासाहेबांनी पेटीवरची बोटं उचलली. तिच्याकडं वळून, लग्नाच्या बायकोला विचारावं तसं नव्हे, पाहुण्या गवयाला विचारावं तसं अदबीनं विचारलं, "तुमचा सा कुठला?"

रतनबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"म्हना तुमी," ते म्हणाले. "जिथं लागंल तिथं म्हना. मी येतो मागनं."

तिनं डोळे मिटले आणि सा लावला. खालचा, जरा धुळकट, पण स्थिर. आप्पासाहेबांनी एक पट्टी चाचपली, नाही, दुसरी, हां. पांढरी चौथी. मग त्यांचे ओठ हलायला लागले. परीक्षकांना वाटलं असेल देवाचं नाव घेतायत. मी शेजारी होतो, मला ऐकू येत होतं, "मोकळं, मोकळं, चिकट..." नी या वेळी पांढऱ्यावरच मिळाला, पण मध्यमाला काळी लागली. काळी पाचवी. ती त्यांनी आधीच चाचपून ठेवली. मी हातोडीनं माझा पखवाज उतरवत होतो, कणीक घाईत निम्मी मांडीवर पडली, पण त्याची तक्रार मी आजवर केलेली नाही.

आणि रतनबाई गायली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्याला चाल चढायला लागली. ती नीवर गेली, पेटी तिच्याबरोबर गेली, दोन्ही एकच झाले, कुठला गळा आणि कुठली पेटी ते कळेना, आणि मग ती वरच्या सावर जाऊन उभी राहिली. चिरकली नाही, घाईही केली नाही, नुसती उभी राहिली. मंडपात मागं चहावाला कपबश्या वाजवत होता, तोही थांबला. मला रडू आलं, आणि ते लपवायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

पहिलं बक्षीस दुसऱ्या गावानं नेलं. आम्हाला उत्तेजनार्थ टाळांचा एक जोड मिळाला, तो रतनबाईनं राहीबाईला देऊन टाकला. एका परीक्षकानं मात्र आप्पासाहेबांना विचारलं, "पेटी कुणाकडं शिकलात?" मी कान टवकारले. आप्पासाहेब म्हणाले, "शाळंतल्या बाईंकडं. अजून शिकतोय."

संध्याकाळी ट्रॉली परत निघाली. ऊन उतरलं होतं. बायका पेरू खात होत्या. रतनबाई कोपऱ्यात बसली होती, आप्पासाहेब पेटी मांडीवर घेऊन समोर. पेरू हातात धरून ती म्हणाली, "एक इचारू का?"

"इचार."

"त्या सप्त्यात मी चुकले हुते का?"

ट्रॉलीत सगळ्यांचं चावणं थांबलं. आप्पासाहेब पेटीच्या झाकणावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"न्हाई," ते म्हणाले.

"मंग हे समद्यांम्होरं सांगा. तवा समद्यांम्होरंच हसले हुते."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "हिला सूर हाय."

"आं?" राहीबाई म्हणाली. "ट्रॅक्टरचा लई आवाज हाय ओ. ऐकू न्हाई आलं."

"हिला सूर हाय!"

"मला बी न्हाई आलं ऐकू," दुसरी म्हणाली. तिच्या मागची म्हणाली. मीही म्हणालो. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

पुढं बसलेल्या काकासाहेबांनी मागं वळून बघितलं आणि ट्रॅक्टर बंदच केला. चारी बाजूला नांगरट पडलेली, कुठं चिटपाखरू नाही. इतकी शांतता की पेटीच्या भात्यातून निसटणारी हवाही ऐकू यावी.

"हिला म्हंजे कुनाला?" राहीबाई म्हणाली. "नाव घ्या की."

आमच्याकडं नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. आप्पासाहेबांनी तर आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. 'अगं ए' आणि 'आमची' एवढ्यावर त्यांचा संसार झालेला. ते एकदा माझ्याकडं बघून डोळे वटारायला लागले, पण मी आधीच दुसरीकडं बघत होतो.

"रतनला," ते म्हणाले. "रतनला सूर हाय. पैल्यापास्नं हुता. पेटी चुकत हुती."

"पेटी काय मानूस हाय का चुकायला?" रतनबाई म्हणाली.

आप्पासाहेबांनी मान हलवली. "न्हाई. मी चुकत हुतो."

रतनबाईनं पदरानं डोळे पुसले आणि हातातला पेरू मोडून अर्धा त्यांच्यापुढं धरला. काकासाहेबांनी ट्रॅक्टर सुरू केला.